सात उपायांचा कोर्स

"उद्या अकरा वाजेपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही," असं बाईंनी आदल्या दिवशी तीन वेळा बजावलं होतं. तिन्ही वेळा त्यांच्या नवऱ्याने "नाही गं बाई" म्हटलं होतं आणि म्हणताना तो खरंच बोलत होता. पण सकाळी आठ वाजता पडद्याच्या कोपऱ्यात एक निळी चौकट उगवली. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सची नवी आवृत्ती तयार आहे, बसवू का? नवरा धंद्याने केमिस्ट. नवं आलेलं असताना बायकोला जुन्यावर बसवायचं म्हणजे त्याला मुदत संपलेलं औषध गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवल्यासारखं वाटलं. त्याने 'हो' दाबलं.

बाई एकोणीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. अकरा वाजता मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी त्यांची मुलाखत होती, घरूनच, व्हिडिओवर. याआधी दोनदा ही जागा त्यांच्या हातून गेली होती आणि आता पुन्हा गेली तर निवृत्तीपर्यंत खडू आणि फळाच. तीन आठवडे खपून त्यांनी बत्तीस वर्गांचं नवं वेळापत्रक बनवलं होतं. नुसती मुलाखत फोनवरही झाली असती हो, पण बत्तीस वर्ग फोनवर मावतात कुठे? कॉम्प्युटरला पर्याय नव्हता.

दहा मिनिटांचं काम पन्नास मिनिटांनी संपलं. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. चित्र झकास होतं, अक्षरं ठसठशीत होती, फक्त आवाज नव्हता.

"अहो, झालं काय?" बाई साडीला पिन लावत दारात आल्या. "हात लावलात ना?"

"अगं, किरकोळ आहे. आवाज तेवढा बसलाय."

"दोन तासांवर मुलाखत आलीय! मी काय मुक्यानं उत्तरं देऊ?"

"एक गोळी दिली की मोकळा होतो बघ."

टेबलाशेजारी बाईंचे वडील इलेक्ट्रिक रेझरने घर्र घर्र दाढी करत बसले होते. चाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करून निवृत्त झालेला माणूस. न्हाणीघरातलं सॉकेट जावईबापूंनी मागच्या महिन्यात 'सुधारलं', तेव्हापासून त्यांची दाढी याच खोलीत होत असे. "जावईबापू," ते म्हणाले, "लिफ्ट अडकली की आम्ही आधी खाली जाऊन बघायचो."

"बाबा, हे सॉफ्टवेअर आहे. याला खाली-वर काही नसतं."

दुकानात हाच गृहस्थ दिवसभर गिऱ्हाइकांवर डाफरायचा. नेटवर वाचून गोळ्या घेता? शेजारणीला लागू पडलं म्हणून तुम्हालाही पडेल? आणि आता स्वतः फोन काढून, 'लोखंडी मांजर' असं टोपणनाव लावणाऱ्या कुणा अनोळखी इसमाचा लेख वाचत होता. मथळा होता, 'सात उपायांत आवाज परत'. पहिले सहा उपाय चौकटीत छापलेल्या कमांड होत्या. त्या त्याने दुकानाच्या पॅडवर जशाच्या तशा उतरवल्या, आकडे घातले, खाली रेघ मारली. गोळ्या मोजून पाकिटात भरल्यासारखं त्याला समाधान वाटलं.

पहिली कमांड दिली. शांतता. दुसरी दिली, आणि तेवढ्यात स्पीकरमधून टुण्णकन आवाज आला!

"आला! अगं, आला!"

"वाजलं की," टेबलाखालून बाहेर येत, गुळगुळीत गाल चोळत सासरे म्हणाले.

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "देवासारखे धावलात. आता उठा तिथून."

"उठू कसा? चार उपाय राहिलेत."

"आवाज आलाय ना पण!"

"बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धवट सोडायचा नसतो," केमिस्ट गंभीरपणे म्हणाला. वीस वर्षं काउंटरपलीकडे हे वाक्य तो दिवसातून चाळीसदा म्हणत आला होता. ते आता त्याच्या जिभेवर नव्हतं, हाडात उतरलं होतं. "अर्धवट सोडलं की दुखणं उलटतं."

"लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर नीट थांबत असेल," सासरे म्हणाले, "तर आपण तिला तिसऱ्याचं विचारायला जात नाही."

तिसऱ्या कमांडला काही झालं नाही. चौथीला वायफाय गेलं. साइड इफेक्ट, केमिस्टने मनाशी म्हटलं, चालायचंच. वायफाय दुरुस्त करणारी फाइल नेटवर होती, आणि नेटवर जायला वायफाय हवं होतं. हा पेच सोडवायला सव्वादहा वाजले. अखेर त्याने आपला फोन केबलने कॉम्प्युटरला जोडला आणि फोनचं नेट त्यात सोडलं. केबलची पिन सैल होती. ती बोटाने दाबून धरली की नेट यायचं, सोडली की जायचं.

"म्हणजे मुलाखतभर ही कुणी धरायची?"

"मी धरतो. टेबलाखाली बसून. तुला दिसणारसुद्धा नाही."

"मला आत्ताही दिसेनासे झालात तर फार बरं होईल," बाई म्हणाल्या.

पाचवी कमांड निमूट गेली. सहावीला पडदा काळा झाला, दोन क्षण विचारात पडला आणि उलटा उजळला. उलटा म्हणजे साफ उलटा. बत्तीसच्या बत्तीस वर्ग शीर्षासन करत होते. माउस डावीकडे न्यावा तर बाण उजवीकडे पळे. केमिस्टने मान वाकडी केली, मग कंबर वाकडी केली, मग तो घामाघूम होऊन खाली बसला. दहा पन्नास झाले होते.

बाई ओरडल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या आणि हलकेच म्हणाल्या, "दोनदा दुसऱ्यांनी माझी जागा घालवली. या वेळी घरातलाच माणूस निघाला." केमिस्टला वाटलं, यापेक्षा हिने माझ्या टाळक्यात तो कीबोर्ड घातला असता तर परवडलं असतं.

"सरका," सासरे म्हणाले. त्यांनी बाह्या वर केल्या, अख्खा मॉनिटर उचलला आणि उलटा केला. स्टँड वर गेला, पडदा खाली आला, वर्ग सरळ झाले, बाणही शहाण्यासारखा वागू लागला. आता मॉनिटर उभा राहीना, म्हणून ते पाठीमागून तो दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. "चाळीस वर्षं लिफ्टा धरल्यात. हे काय?"

अकराला एक मिनिट कमी असताना केमिस्टच्या लक्षात आलं की कॅमेरा मॉनिटरच्याच चौकटीत बसवलेला आहे. तो टेबलाखालून काही बोलणार, इतक्यात समोर तीन माणसं उमटली. मधे शाळासमितीचे अध्यक्ष, म्हातारे, करड्या मिशांचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही आम्हाला उलट्या दिसताय."

टेबलाखाली केमिस्टने डोळे मिटले. बोट मात्र पिनेवरून हलवलं नाही.

"हो सर," बाई म्हणाल्या. "आमच्या घरी सकाळी सगळं ठीक चाललं होतं. मग एकाने त्यात सुधारणा केली."

पलीकडे अध्यक्षांच्या मिशा हलल्या. "त्रास होत नाही ना?"

"मला तुम्ही तिघं सरळ दिसताय. तेवढं पुरेसं आहे. सुरू करू या?"

आणि बाई सुरू झाल्या. वीस मिनिटं त्या वटवाघळासारख्या टांगल्या अवस्थेत, एकदाही न अडखळता बोलल्या. वेळापत्रक मात्र कॅमेऱ्यातून जात नव्हतं, त्यामुळे ते पलीकडे सरळ दिसत होतं. डाव्या बाजूच्या सभासदाने चष्म्यावरून पाहत विचारलं, "यात नवीन असं काय आहे? बाकीच्या उमेदवारांनी तर शाळा मुळापासून बदलायचं म्हटलंय."

बाईंचा आवाज जरा चढला. "मी फक्त दोन तास बदललेत, सर. ते चुकीच्या वेळी असल्यामुळे आज सहावीची मुलं रोज जेवणाची सुट्टी अर्धी जिन्यात घालवतात. उरलेलं सगळं नीट चाललंय. नीट चाललेल्या गोष्टीला हात लावायची मला हौस नाही. तसली हौस काय करते, ते तुम्ही आत्ता डोळ्यांनी बघताय."

तिघंही खदखदून हसले. मॉनिटर थोडा हलला, कारण त्याच्या मागे सासरेही हसत होते. टेबलाखाली केमिस्टचं बोट बधिर झालं होतं, पायाला मुंग्या आल्या होत्या, पण बायको असं बोलू शकते हे त्याला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं. ऊर भरून आला त्याचा.

एक वाजता फोन आला. जागा बाईंना मिळाली होती. अध्यक्ष म्हणाले म्हणे, "उलटं टांगूनही ज्यांचा तोल जात नाही, त्या शाळा सांभाळतील." बाईंनी वडिलांना मिठी मारली, डोळे पुसले, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला नंतर बघते." पण म्हणताना त्या हसत होत्या, त्यामुळे केमिस्ट निर्धास्त दुकानात गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने गुपचूप पॅड काढलं. सहा कमांड, सहा खुणा. मथळ्यात तर सात उपाय होते. सातवा चौकटीत नव्हता, म्हणून घाईत उतरवायचा राहिला असणार. कॉम्प्युटरला हात लावायला बंदी होती, पण वाचायला कुठे होती? कोर्स तो कोर्स. त्याने फोनवर लोखंडी मांजराचा लेख उघडला आणि शेवटपर्यंत खाली गेला. तिथे साधी एक ओळ होती.

'सात. खरं तर हे सर्वांत आधी बघा. स्पीकरचा प्लग बोर्डात नीट बसलाय ना?'

केमिस्टने ती ओळ दोनदा वाचली. मग तो सावकाश सासऱ्यांकडे वळला. "बाबा, सकाळी तुम्ही टेबलाखाली काय करत होता?"

"रेझर काढला आणि तुमच्या स्पीकरची वायर होती तशी परत खोचली," सासरे म्हणाले. "दाढीपुरती उपसली होती. का हो?"

केमिस्टच्या डोळ्यांसमोरून सहाच्या सहा कमांड रांगेने गेल्या. तो सासऱ्यांच्या कानाशी वाकला. "बाबा, तुमच्या पाया पडतो. हे तिला कळता कामा नये."

आतल्या खोलीतून शांत, स्वच्छ, मुख्याध्यापिकेला शोभेल असा आवाज आला. "ऐकलं मी. इथे आवाज व्यवस्थित येतो."