मावशीचा कॉम्प्युटर आणि भाच्याचा रुमाल

"कॉम्प्युटर निवडावा तर माझ्यासारख्यानेच!" असं भाच्याने जाहीर केलं, तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नाही. ऑफिसातला अडून बसलेला प्रिंटर त्याने एकदा थोपटून चालू केला होता. तेव्हापासून तो या विषयातला जाणकार समजला जाई; निदान तो स्वतः तरी तसं समजे.

कॉम्प्युटर हवा होता मावशीला. ती कोर्टात लघुलेखक होती. निवृत्तीनंतर दृष्टी पार गेली, पण बोटं तशीच तल्लख राहिली. एका वकीलबाईंनी तिला रेकॉर्ड केलेले जबाब ऐकून टाइप करायचं काम देऊ केलं होतं, आणि ते सोमवारीच सुरू व्हायचं होतं. पुन्हा कामाला लागायचं या आनंदात मावशीची बोटं जेवणाच्या टेबलावरसुद्धा नाचत होती.

दुकानात शिरताच भाच्याने तिला भिंतीएवढ्या पडद्यासमोर उभं केलं.

"मावशी, बघ केवढा मोठा!"

"छानच. कुणासाठी घेतोयस?"

भाचा वरमला. मग त्याने एक गुळगुळीत टॅब तिच्या हातात ठेवला. मावशीने त्यावरून हात फिरवला.

"फरशी चांगली आहे. अक्षरं कुठायत?"

"काचेवरच उमटतात."

"उमटू देत. मला बोटांना लागणारी हवीत. आणि पडद्यावरचं नीट वाचून दाखवणारा आवाज. साक्षीदार बोलला एक नि मशीनने वाचलं भलतंच, असं नको."

विक्रेत्याने एक साधा लॅपटॉप पुढे ठेवला, वाचणारा आवाज चालू करून दिला आणि तो गोदामात गेला.

"असं वरवर बघून चालत नाही!" भाचा म्हणाला. "मी डोळे बांधून तपासतो."

त्याने आपली ऑफिसची मेल उघडली, साहेबांच्या ताज्या पत्राला उत्तर लिहायची चौकट काढली आणि डोळ्यांवर रुमाल बांधला.

तेवढ्यात दुसरा विक्रेता आला. त्याने हळूच भाच्याचं कोपर धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि काउंटरला टेकवलेली मावशीची पांढरी काठी आदराने त्याच्या हातात दिली.

"काकू, यांना जन्मापासूनच?"

"नाही हो," मावशी म्हणाली, "प्रिंटर दुरुस्त केला तेव्हापासून."

विक्रेत्याने हळहळून मान हलवली. भाच्याला आता रुमाल सोडायचीही चोरी! त्याने मुकाट्याने टाइप केलं आणि मशीनने खणखणीत वाचलं, "आमचे साहेब म्हणजे डब्यातला खडा. आवाज फार, ऐवज काही नाही."

मावशी हसली. भाचा खूश झाला आणि ते खोडायला गेला. बोट भलत्याच बटणावर पडलं.

"संदेश पाठवला," मशीन शांतपणे म्हणालं.

भाच्याने रुमाल ओरबाडून काढला. "अरे देवा! गेला? खरंच गेला?" तो डोळे फाडफाडून पडदा बघू लागला.

"दिसायला लागलं!" विक्रेता ओरडला. सगळं दुकान गोळा झालं. जाड चष्म्याच्या एका आजोबांनी गर्दीतून वाट काढत विचारलं, "कुठलं मॉडेल हो हे?"

खरा प्रकार उलगडायला थोडा वेळ लागला. मग विक्रेत्याने भाच्याच्या हातातली काठी काढून घेतली, मावशीला दिली, तिची माफी मागितली आणि भाच्याकडे असं पाहिलं, की त्याने रुमाल पुन्हा बांधायचा विचार केला.

इतक्यात लॅपटॉप किणकिणला. आवाज बंद कसा करायचा हे जाणकाराला ठाऊक नव्हतं. साऱ्या दुकानाला ऐकू गेलं, "साहेब यांच्याकडून उत्तर. उद्या आल्याबरोबर माझ्या खोलीत या उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह."

मावशीने मान कलती करून मशीनने पुन्हा वाचलेलं तेच उत्तर ऐकलं, बटणांवरून बोटं फिरवली आणि समाधानाने विक्रेत्याला सांगितलं,

"हाच द्या. विरामचिन्हंसुद्धा सोडत नाही."