घरीच व्हतंय

आमचे वडील, म्हणजे दादा, स्वतःचे केस स्वतःच कापत. दाढी नव्हे. दाढी काय, कुणीही करील. डोक्यावरचे केस. तेही मेंढरं कातरायच्या कात्रीनं. ही कात्री त्यांना डोंगरावरच्या एका धनगरानं दिली होती. त्याचं फाटकं घोंगडं दादांनी सुरेख सांधून दिलं, म्हणून खूश होऊन दिली. त्या भल्या माणसाला पुढचा अनर्थ ठाऊक नव्हता.

पुढचे केस दादा आरशात बघून कापत आणि मागचे नुसत्या अंदाजानं. त्यामुळं पुढून ते एखाद्या देवळातल्या पुजाऱ्यासारखे नीटनेटके दिसत. मागून मात्र भाताच्या उभ्या खाचरात रानडुकरं शिरून गेल्यासारखं दिसे.

गावच्या न्हाव्याला हा स्वतःचा अपमान वाटायचा. एकदा तो हात जोडून दारात आला.

"दादा, लोकं मला इचारत्यात, ही हजामत तू केलीस का? माजं नाव खराब हुतंय. बलुतं बी देऊ नका, पर डोकं तेवढं माज्या ताब्यात द्या."

दादा हसले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? घरीच व्हतंय."

'घरीच व्हतंय' हे आमच्या घराण्याचं ब्रीद होतं. भोर संस्थानाला राजमुद्रा होती, आम्हाला हे दोन शब्द होते. आणि राजमुद्रेपुढं एक वेळ अर्ज तरी करता येई.

आमचं घर उत्रोलीच्या पुढं, नीरेच्या काठानं गेलं की लागे. भाताची चार खाचरं, एक म्हैस, दोन बैल, आई, मोठी अक्का, मी आणि दादा. खाचरात आंबेमोहोर पिके. पिकवायचा आम्ही आणि वास घ्यायचा पुण्यानं. आमच्या ताटात यायच्या कण्या, आणि कण्या संपल्या की नाचणी. याबद्दल कुणी तोंड वाकडं केलं तर दादा म्हणत, "कण्या म्हंजी तांदूळच. फकस्त दातांची मेहनत वाचती."

बाजारात जाऊन वस्तू विकत आणणं हे दादांच्या लेखी चोरीच्या खालोखाल होतं. मीठ तेवढं विकत येई, कारण समुद्र महाडाच्या पलीकडं राहिला होता. जवळ असता तर दादांनी परसात मिठागर घातलं असतं. साबणाऐवजी रिठे, मंजनाऐवजी राखुंडी, चहाऐवजी गवताचा काढा. दिव्यात करंजीचं तेल. त्या तेलाचा उजेड कमी आणि वास जास्त, त्यामुळं आमच्या घरात दिवा कुठं आहे हे डोळे मिटूनही सांगता येई.

आमचे कपडेही दादाच शिवत. त्यांनी शिवलेल्या पोलक्याची एक बाही कोपरापर्यंत यायची आणि दुसरी मनगटापर्यंत. माणसाचे दोन्ही हात सारख्या लांबीचे असतात हे त्यांना मान्य नसावं. मी तक्रार केली की म्हणत, "आखूड बाहीच्या हातानं भांडी घास. भिजायची न्हाई."

मला शाळेत घातलं तेव्हा शाईचा प्रश्न आला. मला वाटलं, आता तरी दुकान दिसेल. दादांनी डोंगरातले हिरडे आणले, गंजक्या खिळ्यांबरोबर मडक्यात उकळले आणि शाई केली. शाई झकास काळी झाली. फक्त ती लिहिलेल्या पानावर थांबायची नाही. कागद खात पुढच्या पानांवर जायची. मास्तर म्हणाले, "तुझं गणित एकदा चुकलं की पार वहीच्या शेवटापर्यंत चुकतं."

छत्रीची कथा तर मी सासरी कुणाला सांगितलेली नाही. भोरात कुणीतरी टाकून दिलेल्या छत्रीचा सांगाडा दादांनी उचलून आणला आणि त्यावर पळसाची पानं शिवली. पाणी थेंबभर आत येत नव्हतं, हे मी मान्य करते. शाळेच्या पडवीत सगळ्या मुलांच्या छत्र्या ओळीनं ठेवलेल्या असत. वर्गात कविता चालली होती, तेवढ्यात बाहेर कुरकुर आवाज आला. पाहते तो एक शेळी माझी छत्री खात होती. दुसऱ्यांच्या छत्र्या वाऱ्यानं उलट्या होत. शेळीच्या पोटात गेलेली छत्री त्या शाळेत माझी एकटीचीच. मी काड्या घेऊन रडत घरी आले. दादांनी काड्या तपासल्या आणि समाधानानं म्हणाले, "सांगाडा शाबूत हाय. पानं काय, रानात लई हायेत."

मग मोठी लढाई सुरू झाली आणि साऱ्या मुलखाला आमच्या घराची कळा आली. रॉकेल मिळेना, काडेपेटी मिळेना, कापडासाठी रांगा लागल्या. गावातल्या चांगल्या चांगल्या बायका करंजीचं तेल कसं काढायचं ते विचारायला आमच्या दारात येऊ लागल्या. दादा ओट्यावर बसून शिकवत. त्यांच्या तोंडावर असं तेज आलं होतं, की ही लढाई त्यांच्यासाठीच पुकारली आहे असं वाटावं. "मी कवापासनं सांगत हुतो," एवढंच म्हणत आणि रिठ्यांनी धुतलेल्या मिशांवरून हात फिरवत.

अशा वैभवाच्या काळात अक्काचं लग्न ठरलं. मुलगा वेल्ह्याकडचा, तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावातला. घर खाऊनपिऊन सुखी. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या अंगानं भरदार, आवाजानं त्याहून भरदार आणि मानापानाला जपणारे. अशा माणसाशी सोयरीक करताना कुणीही चार वस्तू विकत आणल्या असत्या. आईनं तसं सुचवूनही पाहिलं. उत्तर काय आलं ते सांगायला नको.

बाशिंगं दादांनी केली. पत्रावळी दादांनी लावल्या. वाजंत्री तेवढी बाहेरची आली, कारण सनई स्वतः वाजवायचा दादांचा प्रयत्न आईनं हाणून पाडला होता. मात्र गुलाबपाणी घरचंच. परसातल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या उकळून दादांनी ते काढलं होतं. काढलं कशात? करंजीच्या तेलाच्या मडक्यात. लग्न लागलं, दादांनी हौसेनं व्याह्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, आणि तात्यांच्या कोऱ्या फेट्यावर माश्या बसायला लागल्या. जेवणं होईपर्यंत तात्या एका हातानं जेवत होते आणि दुसऱ्यानं वारत होते.

"पाव्हणं," ते शेवटी म्हणाले, "वास लई दांडगा हाय तुमच्या गुलाबाला."

"घरचा हाय," दादा म्हणाले.

पाठवणीच्या वेळी सगळं घर रडत होतं. दादा तेवढे कोरडे. ते वऱ्हाडाच्या गाडीखाली शिरून चाक तपासत होते. मग त्यांनी जुवाचा दोर सोडून पुन्हा बांधला. मग दुसऱ्या बाजूचा सोडला. गाडीत अक्का तोंडाला पदर लावून बसलेली. तात्या ओरडले, "अवो, चांगली चालत आलीया गाडी, चालत जाईल! सोडा आता!" तेव्हा कुठं दादा बाजूला झाले. लेक चालली आणि बाप चाकं मोजतोय, असं बायका कुजबुजल्या. मलाही त्या दिवशी त्यांचा राग आला.

महिनाही झाला नसेल, दादांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. "वेल्ह्याकडं जाऊन येतो. पोरीच्या घरचं जातं जड फिरतंय म्हणं." असं कुणी कळवलं, कसं कळवलं, देव जाणे. आमच्याकडून वेल्हं म्हणजे डोंगर तुडवत जायचं. आदल्या दिवशी निघावं, वाटेत देवळात पाठ टेकावी तेव्हा पोचावं.

तिकडं त्यांनी टाकीचे घाव घालून जातं टाकवलं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही अशी आमच्याकडं रीत, म्हणून वाळल्या भोपळ्यात पाणी घरून नेलं होतं आणि भाकरी फडक्यात. पुढच्या खेपेला त्यांनी व्याह्यांच्या गोठ्याचा कूड बांधला. त्याच्या पुढच्या खेपेला छपरावर चढून कौलं चाळली. कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं तर मुळीच नव्हतं. तात्या ओट्यावर पाहुण्यांशी बोलत बसलेले आणि वरून दादांचे पाय लोंबतायत, असं चालू झालं.

गावातले लोक तात्यांना विचारू लागले, "व्याही कामाला ठिवला का वो?"

तात्यांसारख्या माणसाला ते कसं सोसावं? एका खेपेला त्यांनी दादांना दारातच अडवलं. हे सगळं अक्कानं पंचमीला आली तेव्हा सांगितलं.

"पाव्हणं, माज्या घरात मोडकं काय बी न्हाई!"

"हाय की," दादा शांतपणे म्हणाले. "मागल्या दाराची कडी."

"ऱ्हाऊ द्या ती मोडकी! चोर आला तर माजं घर लुटंल, तुमचं न्हाई!"

दादा तरीही मागल्या दाराकडं गेलेच. तिथं अक्का उभी होती. ती रडत म्हणाली, "दादा, तुमी नका येत जाऊ. तुमी गेल्यावर मला बोलत्यात." दादांनी कडीकडं बघितलं, अक्काकडं बघितलं, आणि पिशवी खांद्याला लावून आले तसे परतले.

आम्हाला त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. "काम संपलं तितलं," एवढंच म्हणाले होते. त्यानंतर काही दिवस ते घरात नुसते बसून असत. म्हशीचं दावं तुटलं, तर आईनंच गाठ मारली.

मग अचानक त्यांनी वेल्ह्याचा बाजार धरला. घरात आठवड्याचा बाजार करायला बंदी, आणि घरधनी डोंगर ओलांडून बाजाराला! का, तर म्हणे तिथं वाख चांगला मिळतो. वाख म्हणजे घायपाताचा धागा, दोर वळायचा. आमच्या बांधावर घायपाताचं रान माजलं होतं. मी आईला म्हटलं, "दादांच्या डोक्यावर परिणाम झालाय." आई भाकरी फडक्यात बांधत म्हणाली, "तू गप ऱ्हा."

गप्प राहणं मला कधी जमलं नाही. एका बाजाराला मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेले.

बाजारात पोचल्यावर दादा वाखाच्या बाजूला फिरकलेसुद्धा नाहीत. कडेच्या एका झाडाखाली त्यांनी पोतं अंथरलं आणि हत्यारं मांडली. बघता बघता माणसं जमली. कुणाचा कंदील, कुणाची छत्री, कुणाचं कुलूप. लढाईच्या दिवसांत नवीन काही मिळत नव्हतं, त्यामुळं जो तो मोडकं घेऊन येई. मजुरी विचारली की दादा खेकसत, "बस की गप." आयुष्यभर ज्यानं शेजाऱ्याची खाट विणून दिली नाही, तो माणूस परक्या गावात फुकट कंदील सांधत बसला होता. दादांचं लक्ष मात्र कंदिलात नव्हतं. दर थोड्या वेळानं मान वर करून ते खालच्या वाटेकडं बघत होते.

ऊन चढल्यावर त्या वाटेनं अक्का आली. बरोबर तिची सासू. मी धावणार, तोच दादांनी माझा पदर धरून खाली बसवलं. सासूबाईंनी आमच्याकडं एकदा पाहिलं, आणि त्या समोरच्या मिठाच्या दुकानाशी आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मीठ निवडून घ्यायची वस्तू आहे हे मला तेव्हाच कळलं.

अक्का जवळ आली. तिनं पदराखालून लोखंडी कढई काढली. "दादा, हिचा कान हालतोय."

दादांनी कढई हातात घेतली. कानाचा एक खिळा ढिला झाला होता. दोन ठोक्यांचं काम. त्यांनी कढई उन्हात धरून पाहिली, उलटी करून पाहिली, खिळा काढला, सरळ केला, परत बसवला, पुन्हा काढला. अक्का समोर उकिडवी बसून होती.

"जेवतीस का?"

"व्हय."

"वाळलीस."

"न्हाई वो, दादा."

"तात्या कसं हायेत?"

"बरं हायेत."

बोलणं एवढंच झालं. मग दोघंही कढईकडं बघत राहिली. माझ्याशी अक्का डोळ्यांनीच हसली. शेवटी मिठाच्या दुकानापाशी सासूबाई खाकरल्या. दादांनी खिळ्यावर ठोके घातले. अक्कानं कढई पदराखाली घेतली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि गेली. गर्दीत तिचं लुगडं दिसेनासं होईपर्यंत दादा तिकडं बघत होते. मग त्यांनी हत्यारं गोळा करायला सुरुवात केली.

एक म्हातारा छत्री घेऊन धावत आला. "अवो बाबा, माजी ऱ्हायली की! आताशी तर बाजार भरतुया."

"फुडल्या बाजाराला," दादा म्हणाले आणि पोतं झटकलं.

परतीच्या वाटेवर बराच वेळ ते माझ्या पुढं चालत होते. मला राहवेना. मी म्हटलं, "दादा, त्यो खिळा आपसूक ढिला झाला नव्हता. त्याच्यावर दगडाचं घाव हुतं. मी बघितलं."

"मी बी बघितलं," दादा म्हणाले.

चढ लागला. ते थांबले नाहीत, मागं वळूनही पाहिलं नाही.

"ठोकता बी येत न्हाई नीट पोरीला," ते म्हणाले. "बोटाला लागलं असंल."