पिवळ्या दिव्याखालची हळद

भानुदासच्या पुतणीचं, संजनाचं, लग्न झालं ते साल २०२४. त्याच एप्रिलात दुबईत कधी नव्हे एवढा पाऊस पडला, कारखान्यात गुडघाभर पाणी शिरलं आणि भानुदासची मंजूर झालेली सुट्टी त्या पाण्याबरोबर वाहून गेली. घरातलं पहिलं लग्न आणि काकाच नाही. मग काकाने फोनवरून जाहीर केलं की, व्हिडिओवाल्याला सांगू नका. तुम्ही मोबाईलवर काढा, मला पाठवा, फिल्म मी बनवतो. पाचपरतावनाला, म्हणजे पाचव्या दिवशी, संजना जावयाला घेऊन माहेरी येईल, विहीणबाई येतील, तेव्हा टीव्हीवर लावा.

एवढं छातीठोक बोलायला त्याच्याकडे कारण होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या चौकटींना रंग चढवतात. तिथे तो बावीस वर्षं रंगाची छटा पास करत होता. नुसत्या पांढऱ्यातले चौदा प्रकार त्याला नजरेने ओळखू यायचे. त्याचा एक नियम होता आणि तो त्याने पाटीवर लिहून ऑफिसच्या भिंतीला लावला होता : पीली बत्ती के नीचे पास नहीं करना. पिवळ्या दिव्याखाली रंग खोटा दिसतो. माल पांढऱ्या दिव्याच्या पेटीत धरायचा, मगच तोंड उघडायचं. पिवळ्या दिव्याखाली पास झालेल्या चाळीस चौकटी त्याने एकदा परत पाठवल्या होत्या आणि सगळ्यांदेखत विचारलं होतं, "डोळे गावाला ठेवून आलात काय?"

लग्नाचे तुकडे येऊन पडले. भानुदासने खोलीवर लॅपटॉप उघडला, तर सगळी माणसं पिवळी. हळदीचा दिवस म्हणून त्याने आधी चालवून घेतलं. पण लग्नाच्या दिवशीही सगळे पिवळे, भटजी पिवळे, अक्षता पिवळ्या, नवऱ्या मुलाचा पांढरा सदरा तर कावीळ झाल्यासारखा. त्याने भावाला, सोमनाथला, फोन लावून फैलावर घेतलं की कसला भंगार मोबाईल वापरलात. सोमनाथ म्हणाला, मोबाईल नवा आहे, जावयाचा आहे, आणि हे पुन्हा कुणासमोर बोलू नकोस.

यापूर्वी भानुदासने चार-पाच फिल्मा केल्या होत्या, पण त्या तुकडे जोडून वर गाणं लावण्यापुरत्या. रंगाला हात लावायची वेळ आता आली. रोज कामावरून आल्यावर तो बसायचा. पिवळा उतरवायचा, निळा चढवायचा. तिसऱ्या दिवशी सदरा पांढराशुभ्र झाला, कुंकू लाल दिसायला लागलं. त्याने फिल्म एक्स्पोर्ट केली, म्हणजे सगळं जोडून एक फाईल बाहेर काढली. त्याला सव्वा तास लागला. मग ती मोबाईलवर घेऊन बघितली, तर अख्खं वऱ्हाड निळं.

लॅपटॉपवर तीच फाईल झकास, मोबाईलवर निळी. म्हणजे एक्स्पोर्टमध्ये घोटाळा, असं त्याने ठरवलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. कुणा शिकवणाऱ्याचा व्हिडिओ बघून माहीत नसलेली सहा बटणं बदलली. दर वेळी सव्वा तास आणि दर वेळी वऱ्हाड निळंच. शेवटी त्याने खोलीतल्या खैरुद्दीनचा मोबाईल मागितला. हा बिहारचा, कारखान्यातच इलेक्ट्रिशियन. त्याच्याही मोबाईलवर निळं.

खैरुद्दीन म्हणाला, "भानूभाई, दो मोबाईल झूठे और आपका लॅपटॉप अकेला सच्चा?"

"तू वायर बघ," भानुदास म्हणाला. "रंग मुझे मत सिखाना."

आणि टीव्हीवर बरोबर दिसेल असं स्वतःला बजावत त्याने फिल्म गावाला पाठवून दिली.

पाचपरतावनाचा दिवस रविवारचा होता. भानुदास नवा शर्ट घालून व्हिडिओ कॉलवर बसला. तिकडे टीव्हीसमोर मधोमध विहीणबाई, शेजारी जावई, मागे अर्धी वाडी. पुढे खुर्चीत त्याची आई, तानुबाई. फिल्म सुरू झाली. संजनाच्या गालाला लावलेली हळद राखाडी दिसत होती. कपाळावरचं कुंकू काळं. भटजी तर पाण्यातून वर काढल्यासारखे.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्यात हळदीला राख लावतात होय?"

लतिकावहिनीने उठून टीव्ही बंद केला आणि मोबाईलजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "भावजी, माझ्या पोरीच्या कपाळाला काळं लावलंत. पाच दिवस नाही झाले लग्नाला."

भानुदासने मान खाली घातली. तिकडच्या लोकांना नुसतं त्याचं टक्कल दिसलं. कॉल बंद करायचंही त्याला सुचलं नाही. मागून आईचा आवाज येत होता, "अगं, बंद का केलास? चांगला होता की," पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सोमवारी तो लॅपटॉप काखेत मारून कारखान्याच्या ऑफिसात गेला. तिथे ऋता नावाची पुण्याची मुलगी तपासणीची इंजिनिअर होती. तिने स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "काका, हा नाईट मोड तुम्ही ऑन केलाय? स्क्रीन पिवळी करतो तो. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून."

भानुदासला आठवलं. दोन वर्षांपूर्वी कंपनीत डोळ्यांचा डॉक्टर आला होता. त्याने सांगितलं म्हणून ते बटण त्यानेच दाबलं होतं आणि विसरून गेला होता. ऋताने बटण बंद केलं. अख्खं वऱ्हाड त्याच्या डोळ्यांदेखत निळं झालं. कुठेच घोटाळा नव्हता. त्याने तीन दिवस पिवळ्या दिव्याखाली बसून रंग पास केला होता.

 ऋताची नजर क्षणभर भिंतीवरच्या त्या पाटीकडे गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. तिने बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर भानुदासने पाटी उतरवली, फडक्याने पुसली आणि पुन्हा होती तिथेच लावली. नियम खरा होता. त्याला काय करणार.

दोन दिवसांत त्याने नवी फिल्म करून पाठवली. हळद हळदीसारखी, कुंकू कुंकवासारखं. विहीणबाईंना फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो, आम्हाला वाटलं दुबईची फॅशन." वहिनी आठवड्याने बोलायला लागली. सगळं मिटलं, एक आई सोडून. आईला नवी फिल्म मुळीच आवडली नाही.

"ही पिवळी हाय," ती फोनवर म्हणाली. "म्हातारी झाले म्हणून काय मला रंग कळत न्हाई? आधीची लावा. तीच खरी."

सोमनाथने मग कानात सांगितलं की आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, तिला जग पिवळंच दिसतं. ऑपरेशन दिवाळीनंतर करू. तोवर रोज दुपारी आई निळी फिल्म लावायला लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझा भानू एवढ्या लांब राहून बघतो आणि हे इथे राहून आंधळे.

दिवाळीला भानुदास घरी गेला. आईने हात धरून त्याला टीव्हीसमोर बसवलं. पडद्यावर राखाडी गालांची संजना हसत होती.

"बघ, कुंकू कसा लालभडक दिसतोय," आई म्हणाली. "तुझ्यासारखी नजर घरात कुणाला न्हाई."

लतिकावहिनी दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. भानुदासला वाटलं, या कौतुकापेक्षा वहिनीची बोलणी परवडली.

"हो आई," तो म्हणाला.

ऑपरेशन झालं की आई स्वतःच बघेल आणि मग आपली फजिती होईल, म्हणून त्याने ठरवलं की आदल्या दिवशी तिला खरं सांगून टाकायचं. ऑपरेशन अकरा तारखेला होतं. तानुबाई त्याआधीच, सात नोव्हेंबर २०२४ला, गुरुवारी सकाळी झोपेत वारल्या.