लिंबोणीच्या कुंडीतील चिलटांचे पारिपत्य

ताश्कंद शहरी, चिलांजार पेठेत, नऊमजली इमारतीचे तिसरे मजल्यावर जे रण माजले, त्याचा करीना जिन्यापलीकडील शेजारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, दात सात, स्मरण शाबूत, याणे जैसा घडला तैसा लिहिला असे. यात एक अक्षर पदरचे घातले असेल तर आमचा चहा जन्मभर कोमट राहो.

जानेवारी महिना, बाहेर पारा शून्याखाली आठ अंश, आणि घरात भिंतीलगतचे ऊन पाण्याचे नळ ऐसे तापले की मांजरही त्यांस पाठ लावीना. ते समयी चिलटांनी उठाव केला. खासे एर्गाश-आका, भूगोलाचे निवृत्त मास्तर, सप्तखंडपाठी, नकाशाबहाद्दर, ज्यांस पृथ्वीवरील सर्व नद्यांचे उगम ठावे परंतु आपले मोजे कोठे हे ठावे नाही, ते खिडकीपाशी गादीवर बसोन चहा घेत होते, आणि उजवे हातास लिंबोणीची कुंडी होती, आणि त्या कुंडीतून तिळाएवढी काळी चिलटे उठोन आकांचे पियाल्यात जलसमाधी घेऊ लागली. जमाव तरी केवढा! आकांनी वर्तमानपत्र उघडले तों अर्धी अक्षरे उडोन गेली आणि अग्रलेख कोरा राहिला. पूर्वीहून काही कमी वाचनीय जाहला ऐसे नव्हे.

आता ही लिंबोणी आकांची नव्हे, त्यांचे कबिल्याची, मस्तुरा-आपांची. आपांचे वडील शहराबाहेर खंदक खणोन, वर काचा घालोन, त्यात लिंबे पिकवीत. मग वडील गेले आणि खंदक बुजले आणि त्यावर बाजाराची इमारत उठली. त्या बागेची एवढी एक फांदी आपांनी लग्नात कुशीस धरोन आणली होती. ती तीस वर्षांत छतास टेकली, आणि यंदा तीवर अकरा लिंबे पिवळी होत होती. बापाची मागे उरलेली सारी जमीन म्हणावी तर ती त्या कुंडीत होती.

इकडे आकांस भय निराळेच. दरमहा पाच मित्र पाळीपाळीने एकेकाचे घरी जमोन पलाव खातात, त्यास गश्तक म्हणतात, आणि एकविसावे दिवशी पाळी आकांची. त्यात तुल्कुन-आका येणार. मागील यजमानाचे पलावात एक केस निघाला, त्याची आठवण तुल्कुन-आकांनी चार पेठांत पोचविली. ऐशाच्या पियाल्यात चिलट पोहले तर भूगोलाची अब्रू काय राहणार? सबब आकांनी फर्मान सोडिले, की एकवीस दिवसांत चिलटे नाहीशी न जाहल्यास, आणि जाहली तरीही, ज्याचे पायी त्यांस थारा मिळाला तो जो कोणी असेल त्याची रवानगी बाल्कनीत. वशिला चालणार नाही.

"जो कोणी म्हणजे?" आपांनी विचारले.

"म्हणजे तुझं झाड."

"अहो, या थंडीत एका रात्रीत कोळसा होईल त्याचा!"

"फर्मान म्हणजे फर्मान."

"मग लिहून द्या. सहीनिशी. 'जो कोणी' हेसुद्धा लिहा."

आकांनी वळणदार अक्षरात लिहोन दिले आणि आपांनी तो कागद फ्रीजच्या दारास चिकटविला.

मग मोहीम सुरू जाहली. प्रथम आकांनी एकशेवीस आगकाड्या डोकी खाली करोन कुंडीत रोविल्या, की गंधकाने शत्रू मरेल. तों चिलटे काड्यांचे टोकांवर बसोन हवा खाऊ लागली. मग पिवळे चिकट पट्टे टांगिले. त्यांत चिलटे सापडली सहा आणि आकांची मिशी अर्धी, डावी. मग दृष्ट काढावयाचे इसिरिकाचे वाळले झाड आणोन परातीत पेटविले आणि ऐसा धूर केला की वरील मजल्याचे कुटुंब बिछान्यासह खाली उतरले, आणि आम्ही स्वतः जिन्यात टोपी नाकास लावोन दोन प्रहर बसलो, आणि चिलटांस शिंकही आली नाही. एका आठवड्यात तीन पराभव पदरी पाडोन घेणे हे सामान्य बुद्धीचे काम नव्हे. त्यास पेन्शनी विद्वत्ताच लागते.

आठवे दिवशी आपांनी चमचा घेवोन कुंडी उकरली. वर चार बोटे माती म्हणावी तर माती नव्हतीच. चहाचा चोथा, ओला, बुरशी धरलेला, आणि त्यात दोऱ्याएवढे पांढरे किडे वळवळत होते. आपांनी चमचा ठेविला आणि मुकाट्याने नवऱ्यासमोर जावोन बसल्या.

आकांनी चहादाणी उचलली, घोटभर चहा पियाल्यात घेतला, पियाला विसळला, आणि मान न वळविता ते विसळण उजवीकडे झाडिले. हा हात जुन्या वाड्यांचे अंगणात शिकलेला. तेथे ओट्यावर बसोन विसळण बाजूस टाकावे आणि मातीने प्यावे, ऐसी वडिलोपार्जित रीत. अंगण गेले, वस्ती तिसरे मजल्यावर आली, हातास कोणी कळविले नाही. उजवीकडे झाडावयाचे ते झाडीतच राहिला, दिवसातून नऊ वेळ.

"अहो मास्तर, तुम्ही कुंडीत चहा टाकता."

"मी? काहीतरीच! आयुष्यात एक थेंब टाकला नाही."

"आत्ता टाकलात."

"आत्ता मी पियाला विसळला."

"आणि ते विसळलेलं गेलं कुठे?"

आकांनी रिकाम्या पियाल्यात डोकावोन पाहिले. "बाष्पीभवन," म्हणाले.

ऐशा सरदारापुढे वाद तो काय घालावा? आपांनी कुंडी ओढत निजावयाचे खोलीत नेली, म्हणाल्या की कैदी माझे नजरेखाली राहील. आणि चोथा सारा खरवडोन काढिला, आणि वर दोन बोटे कोरडी वाळू पसरिली, आणि पान मलूल होईतों पाणी तोडिले, मग दिले तेही खालील ताटलीतून, वरून थेंब नाही. कुंडीचे जागी मात्र जस्ताची बादली ठेविली. नकाशाबहाद्दरांनी बादली का, हे एका शब्दाने पुसले नाही. हात झाडीत राहिला. इकडे वरची माती सुकली तैसी किड्यांची रसद तुटली, आणि उडती होती ती आपल्या मरणाने मेली, आणि विसावे दिवशी कुंडीत चिलट औषधास उरले नाही.

गश्तकीस मंडळी आली. आपांनी बादली आत नेली आणि ते जागी, आकांचे उजवे हातास, नवी राखी पाटलोण ल्यालेल्या तुल्कुन-आकांस गादी दिली. आम्हीही पाचांत होतो. आकांनी विजयाचे व्याख्यान मांडिले, की शत्रू आगकाड्यांनी मारिला, गंधकापुढे कोणाचे चालते. आणि बोलता बोलता चहादाणी उचलली, पियाला विसळला, आणि झाडिले.

"काय रे एर्गाश," तुल्कुन-आका मांडी झटकीत म्हणाले, "मला पाणी घालतोस? या वयात फळं नाही धरायची मला!"

"अरे, ते... चुकून—"

"चुकून नाही भाऊ," आपा बादली घेवोन दारात उभ्या. "हे बघा तेरा दिवसांचं बाष्पीभवन."

बादली गळ्याशी भरली होती आणि तीवरून सात-आठ चिलटे सलामी देत उठली. मग आपांनी फ्रीजवरील कागद आणविला आणि तुल्कुन-आकांचे हाती दिला, आणि त्यांनी उभे राहोन, शेजारच्या इमारतीस ऐकू जाईल ऐसा, वाचिला. 'जो कोणी' हे शब्द तीनदा वाचिले.

"सही कोणाची रे?"

"माझी," आका म्हणाले, आणि उठोन चापान, म्हणजे रुईभरला लांब अंगरखा, अंगावर घेतला, कानटोपी घातली, आणि फर्मानाबरहुकूम स्वतःच बाल्कनीत गेले. एवढे एक काम त्यांनी मोहिमेत मर्दासारखे केले, हे न लिहिणे अन्याय.

मग आपांनी पहिले लिंबू तोडोन पातळ चकत्या केल्या आणि सर्वांस वाटल्या, आणि एक चकती, चहादाणी आणि पियाला दार किलकिले करोन बाहेर दिला. आकांनी काचेआडून मान तुकविली, घोटभर चहा घेतला, पियाला विसळला, आणि उजवीकडे झाडिले. तेथे भिंत होती. चहा ओघळता ओघळता गोठला.

येणेप्रमाणे चिलटांचा बीमोड होवोन लिंबोणी दहा लिंबांसह आपले वतनावर कायम जाहली. फत्तेचा शिलालेख बाल्कनीचे भिंतीवर, तपकिरी, हातभर लांब, विजयी वीराचे स्वहस्ते कोरिला आहे. ज्यास शंका असेल त्याणे बर्फ वितळण्यापूर्वी येवोन वाचावा.