कपाटाची पाठ

आधीच माफी मागून घेतो. माझी शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ जागा मिळेल तिथे बसतात, आणि भारी शब्द मला येत नाहीत. जे घडलं ते साध्या शब्दांत सांगतो. (समोर बसून सांगायला लावलं असतं तर तेही जमलं नसतं. चार माणसं दिसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. कागद बरा, तो तोंडाकडे बघत बसत नाही.)

मी सोफे शिवतो. म्हणजे सांगाडा सुतार करतो. त्यावरचे पट्टे, फोम, कापड, बटणं हे माझं काम. काम चांगलं आहे असं आमचे शेट म्हणतात. शेट चांगलं म्हणाले की त्या दिवशी घरी जायला उशीर होतो. पण मनापासून सांगायचं तर मला नाद दोनच. एक बायको आणि दुसरी गिटार. (हा क्रम बायकोने वाचून पक्का केला आहे.)

गिटारीपायी आमची दोन भाड्याची घरं सुटली. तिसरं मिळालं ते एका वयस्कर बाईंचं. त्या भिंतीपलीकडेच राहतात, सगळे त्यांना मावशी म्हणतात. घर दाखवताना त्यांनी विचारलं, "गाणं-बजावणं, दंगा वगैरे नाही ना?"

"छे हो मावशी," बायको म्हणाली, "ह्यांच्या तोंडून साधा आवाज फुटत नाही."

हे खरंच होतं. गिटार आम्ही सोफ्याच्या कापडात गुंडाळून आणली आणि ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा डबा, चादरींच्या खोक्यातून.

या घराच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे. आधीच्या दोन्ही घरांत नव्हती. बायको औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते. घरी आली की चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी उभी राहते. (दिवसभर उभी असूनही. मी एकदा स्टूल शिवून दिलं, त्यावर ती पोळपाट ठेवते.) पहिल्याच संध्याकाळी तिने मला तिथून सांगितलं, "अहो, नीट ऐका. तुमच्या त्या डब्यापायी ही खिडकी गेली ना, तर पुढच्या घरी मी येईन, तुम्ही याल. डबा येणार नाही."

म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला. ॲम्पचा व्हॉल्यूम एकच्या पुढे न्यायचा नाही. बस. इथून सगळं सुरू झालं.

आता माझा ॲम्प जुना, वॉल्व्हचा. वॉल्व्ह म्हणजे काचेच्या छोट्या बाटल्या असतात, त्या तापून लाल होतात आणि मग गिटारीचा आवाज असा काही येतो की ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी हलतं. पण व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे गेला तरच. एकवर ठेवला की पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा वाजतो. मी तीच ती धून वाजवत राहिलो, आणि बायको म्हणाली, "माशीला बाहेर तरी सोडा."

धून माझी मीच बसवलेली. संथ आहे. तीनदा वर चढते आणि मग अलगद खाली येते. तिसऱ्यांदा चढताना माझं बोट घसरतं. पण मला खात्री होती की दोष बोटाचा नाही. आवाज चांगला असता तर बोट आपोआप जागेवर पडलं असतं. (वाकड्या अंगणाची म्हण मला माहीत आहे. तेव्हा आठवली नाही.)

मग मी व्हॉल्यूम वाढवला आणि ॲम्पवर रजई टाकली. आवाज कमी झाला. थोड्या वेळाने बायकोने विचारलं, "इस्त्री चालू राहिलीय का कुठे?" इस्त्री बंद होती. रजईला मात्र मधोमध चार बाटल्यांचे चार गोल डाग पडले होते. ती रजई माझ्या सासूबाईंनी दिलेली. अजून त्यांना कळलेलं नाही. आता कळेल.

शेवटी मी ॲम्प घेऊन रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांना माझं अर्धं वाक्य पुरतं, म्हणून मला ते आवडतात.

"काका, आवाज मोठा हवा, पण..."

"पण बायकोला ऐकू जायला नको."

"बायकोला नाही, मालकीणबाईंना."

"एकच ते. हे बघ, वॉल्व्ह दमल्याशिवाय गात नाही. त्याला दमू दे. आवाज कमी करू नकोस, कोंडून ठेव." त्यांनी स्पीकर सोडवून त्याला लांब वायर जोडून दिली. "तापणारा डबा बाहेर, स्पीकर आत. आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू केलास तर जळेल. मग माझ्याकडे येऊ नकोस, रडायला तुझ्या घरी जा."

आमच्याकडे कोंडायला एकच जागा होती: लाकडी कपाट. बायकोचे कपडे त्यात डाव्या बाजूला, माझे खालच्या खणात. सगळे कपडे मी दोरीवर टांगले.

"आणि हे असंच राहणार?" बायको म्हणाली.

"हवा लागते कपड्यांना."

"मग मलाही टांगा एकदा."

पण कामाला लागलो आणि मी माझा राहिलो नाही. कारखान्यातून फोमचे उरलेले तुकडे आणले होते. दारांना आतून जाड फोम लावला. दोन्ही बाजूंना लावला. वर लावला, खाली लावला. वरून तपकिरी रेक्झिन ताणलं, आणि आता केलंच आहे तर म्हणून चौकटी पाडून बटणंही बसवली. आत स्पीकर ठेवला. कपाट उघडलं की एखादा महाराजा आपल्या पालखीत बसलाय असं दिसायचं. पाठीच्या फळीला काही लावलं नाही. पाठ भिंतीला टेकलेली. आमच्या धंद्यात शेटांचा नियमच आहे, भिंतीकडची बाजू कोण बघतो? पुढे मखमल, मागे मांजरपाट. माझ्या हाताला तीच सवय.

कपाट बंद केलं, व्हॉल्यूम सहावर नेला, तार छेडली. खोलीत आवाज आला तो असा की बायको भाजी चिरत होती, तिची सुरी त्याच्याहून मोठी वाजत होती. बारीक आवाज, पण त्यात थोडी गोडी होती. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "वा. असं असेल तर रोज वाजवा." लग्नानंतर माझ्या गिटारीबद्दल ती 'वा' म्हणाल्याची ही पहिली वेळ.

मी रोज संध्याकाळी वाजवू लागलो. तिसऱ्या चढाला अडलो की पुन्हा पहिल्यापासून. बायको मटार सोलता सोलता माझ्या बोटांकडे बघत बसायची. आणि भिंतीपलीकडे...

पण मला काय माहीत!

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मावशी दारात आल्या. मागे प्लंबर, त्याच्या हातात छिन्नी-हातोडी.

"अरे, तुमच्याकडे भिंतीतून काही आवाज येतो का रे?"

मी कान टवकारले. शांत होतं. "नाही मावशी," मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. "आमच्याकडे काहीच नाही."

"मग माझ्याच नशिबी आहे. दोघंही या जरा. भिंत फोडायची तर तुमची बाजूही निघणार."

आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. आमच्या कपाटाच्या बरोबर पलीकडे त्यांचा पलंग होता. प्लंबरने भिंतीला कान लावला.

"आत्ता नाही येत," मावशी म्हणाल्या. "संध्याकाळी सुरू होतो."

"पाईपात हवा धरत असेल. घूं घूं करतो ना?"

"घूं घूं नाही हो. जाड आवाज आहे. कुणाचा गळा भरून यावा तसा."

(मला त्या पाईपाचा हेवा वाटला. खरं सांगतो. मी काय काय उपद्व्याप केले, आणि ह्यांच्या पाईपाला तो आवाज फुकट.)

"एका सुरात येतो?"

"छे! वर चढतो, खाली येतो. पुन्हा चढतो. आणि तिसऱ्यांदा चढताना चुकतो."

प्लंबरने कान भिंतीपासून काढला. "काय करतो?"

"चुकतो. मग थांबतो. मग परत पहिल्यापासून."

"मावशी, पाईप वाजतो, गळतो, फुटतोसुद्धा. चुकलेला पाईप मी जन्मात बघितला नाही."

"हा चुकतो! रोज, त्याच जागी. मी पलंगावर बसून वाट बघते, आज तरी पार होईल. की आपटलाच! आवाजाचं काही नाही हो, पण त्या चुकीने माझं जेवण जात नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीकडची बाजू कोण बघतो? मावशी बघत होत्या. नुसत्या बघत नव्हत्या, तिला उशी लावून बसत होत्या.

"फोडावीच लागेल," प्लंबर म्हणाला, आणि त्याने खडूने भिंतीवर फुली मारली. माझ्या स्पीकरच्या बरोबर मागे.

"मग तुम्हाला महिनाभर दुसरीकडे राहावं लागेल रे," मावशी मला म्हणाल्या. "आणि एकदा सामान हललंच, तर मी म्हणते, भाचा कधीचा जागा मागतोय. त्यालाच देऊन टाकावी. तुमच्याबद्दल तक्रार नाही हं. तुमच्यासारखे शांत भाडेकरू मिळायचे नाहीत."

माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली, आणि खिडकीशी चहाचा कप. मी बोलायला तोंड उघडलं.

"मावशी, ते... म्हणजे आमचं..."

"घाबरू नकोस, तुमचं कपाट आधी हलवू."

"नाही, कपाटच... त्याची पाठ..."

"पाठ दुखते का? मग प्लंबरभाऊ हात लावतील."

बायको एवढ्यात म्हणाली, "अगबाई, दूध गॅसवर राहिलं!" आणि गेली. दूध आम्ही सकाळीच तापवलं होतं. मला वाटलं, गेली. सामान बांधायला गेली. आणि बांधताना ॲम्प वगळणार.

प्लंबरने छिन्नी टेकवली. एक ठोका घातला. मूठभर गिलावा पलंगावर पडला.

आणि भिंत गाऊ लागली.

मी कसं सांगू? माझ्याकडे शब्द नाहीत, ते वर म्हटलंच आहे. जाड, उबदार, थोडा फाटलेला आणि तरी गोड. वॉल्व्ह पुरते दमले होते, आणि भिंतीने त्यातलं बोचरं तेवढं गाळून घेतलं होतं. मी ज्या आवाजासाठी रजई जाळली, कपडे दोरीवर टांगले, तो आवाज रोज मावशींच्या उशीशी येत होता आणि मी पलीकडे त्याचं उष्टं ऐकत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (गिलाव्याची धूळही होती.)

वाजत होती माझीच धून. एका तारेवर, हळूहळू, एक एक सूर चाचपत. बायकोने आजपर्यंत गिटार फक्त पुसायला हातात घेतली होती. पहिला चढ. दुसरा चढ. मावशींनी माझा दंड धरला. "आता बघ. आता आपटेल."

तिसरा चढ आला. आपटला नाही. अलगद वर गेला आणि अलगद खाली उतरला.

"गेला!" मावशी ओरडल्या. "पार गेला!"

प्लंबरने आधी भिंतीकडे बघितलं, मग हातोडीकडे. "मी म्हटलं नव्हतं? हवा होती. एका ठोक्यात निघाली."

"शाबास हो! कमाल आहे तुमच्या हाताची!"

खरं तर इथे मी गप्प बसलो असतो तर सगळं मिटलं असतं. भिंत वाचली, खिडकी वाचली, ॲम्प वाचला. आणि गप्प बसणं ही एकच गोष्ट मला उत्तम येते. पण तो आवाज, जन्मात एकदा ऐकलेला तो आवाज, प्लंबरच्या हातोडीच्या नावावर जमा होतोय हे मला बघवेना.

"मावशी," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो, "तो पाईप नाही. ती माझी बायको आहे!"

प्लंबर दोन पावलं मागे सरकला.

मग मी सगळं सांगितलं. तुटक तुटक, पण सांगितलं. मावशी उठल्या आणि थेट आमच्या घरात आल्या. बायको कपाटासमोर गिटार मांडीवर घेऊन बसली होती. ती उभी राहिली आणि नेमकी खिडकीकडे सरकली. मावशींनी कपाटाचं दार उघडलं. रेक्झिनवरून हात फिरवला, एक बटण ओढून बघितलं.

"काम छान आहे रे. सगळीकडे केलंस. पाठीलाच का नाही?"

"भिंतीकडची बाजू... कोण बघतो, मावशी."

"हं," त्या म्हणाल्या. "माझा सोफाही तुमच्याच कारखान्यातला दिसतोय."

मग त्या बायकोकडे वळल्या. "काय गं, किती दिवस शिकतेयस?"

"शिकत नाहीये, मावशी. मटार सोलताना बघत होते."

"मग याला का नाही सांगितलंस कुठे चुकतो ते?"

"सांगणार होते. पण ते म्हणायचे, दोष बोटाचा नाही, आवाजाचा आहे."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मटाराच्या टोपलीकडे बघितलं.

घर राहिलं. मावशींनी दोन अटी घातल्या आणि मी दोन्हींना मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी कपाटाच्या पाठीला आतून फोम लावला. दुहेरी लावला आणि वर चांगलं कापड घातलं. ही पहिली अट. दुसऱ्या अटीप्रमाणे त्या कापडाला आणि फोमला मधोमध, गादीच्या खोळीला असते तशी, वरपासून खालपर्यंत चेन बसवली. बायको वाजवायला बसली की ती उघडायची. मी बसलो की लावायची.

दोनदा ओढून बघितली. अगदी घट्ट लागते.