अन्सामायचा गोळ्यांचा डबा

आमच्या गल्लीत कुणी जोरात शिंकलं, की समोरच्या घरातून स्टीलच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा. आवाज आला की शिंकणाऱ्याने समजून जायचं. घरात लपून उपयोग नसे. पदराला हात पुसत, डबा काखेत मारून अन्सामाय ओट्यावर हजर!

तिचं खरं नाव अनसूया. सत्तरीची, अंगाने काटक, घरात एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगा पुण्याला असतो. ती ना डॉक्टर, ना नर्स. पण आमच्या जानेफळात कुणाचा ताप उतरला, की उरलेल्या गोळ्या तिच्या डब्यात जमा व्हायच्या. डॉक्टरने पाच दिवसांच्या दिलेल्या असत आणि माणसाला दुसऱ्याच दिवशी बरं वाटे. मग उरलेल्या गोळ्यांचं करायचं काय? उरलेली भाजी शेजारी देतात, तशा गोळ्या अन्सामायकडे. "औषध फेकलं त पाप लागते," हे तिचं ठाम मत. देतानाचं वाक्यही ठरलेलं. "निम्मीच घे. उरली त वापस आणजो."

गोळ्यांची नावं तिला कधी लागलीच नाहीत. तिच्या डब्यात गोळ्या माणसांच्या नावाने राहत. ही सरपंचाची, ही पाटलाच्या सुनेची, ही बीबी गावच्या व्याह्याची. प्रतवारी मात्र डॉक्टरच्या गावावरून. जानेफळची गोळी साधी, मेहकरची बरी, अकोल्याची जालीम. संभाजीनगरची तर ती सहसा बाहेरच काढत नसे. ठेवणीतल्या लुगड्यासारखी ती डब्याच्या तळाशी असायची.

एकदा माझी दाढ ठणकत होती. तिने एक पांढरी लांबोडकी गोळी विळीवर दोन करून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"ही कोणाची, माय?"

"सरपंचाची."

"त्यांची दाढ कधी दुखली?"

"दाढ नाही रे. गळू झालं होतं."

"गळू? कुठं?"

"तुले काय करायचं हाये? तो बसत नव्हता, आता बसते. खाय चुपचाप!"

मी खाल्ली. दाढ काही थांबली नाही, पण आजही ग्रामसभेत सरपंच खुर्चीत टेकले की माझा हात आपोआप गालावर जातो.

शेजारच्या दोघी जावांना एकदा एकदमच खोकला झाला आणि डब्यात कॅप्सूल उरलेली एकच. त्यात दोघींचं आपसात बोलणं नव्हतं. अन्सामायने दोघींना समोर बसवलं, कॅप्सूल उघडली आणि आतली पूड गुळाच्या दोन खड्यांवर अगदी सारखी पसरली. कुणाला जास्त गेली ही तक्रार नको. खोकला पुढे महिनाभर टिकला, पण जावा बोलायला लागल्या. हे कोणत्या डॉक्टरला जमलं असतं, असं माझी बायको अजून विचारते.

सगळं असं सुरळीत चाललं असताना गावात संशोधन आलं. एका मेडिकल कॉलेजचं पथक होतं. लोक अँटिबायोटिक कशी खातात आणि ती औषधं हल्ली लागू का पडेनाशी झाली आहेत, याचा अभ्यास. पथकातल्या डॉक्टरबाई घरोघर विचारत फिरल्या. गाव इतकं निरोगी निघालं की बाई चक्रावल्या. "आमी गोळीले हातच लावत नाही, मॅडम." "आपलं समदं घरगुती हाये." विचारणारा सरकारी वाटला की आम्ही आधी नाही म्हणतो, प्रश्न मागून ऐकतो.

अन्सामायला मात्र वाटलं, एवढ्या लांबून माणसं आली ती आपला डबा बघायलाच. तिने बाईंना खाटेवर बसवलं, चहा दिला आणि पाहुण्यापुढे फराळ ठेवावा तसा डबा ठेवला. बाईंनी झाकण उघडलं आणि चहा तसाच खाली ठेवला.

"आजी, अशा अर्ध्यामुर्ध्या गोळ्या खाल्ल्या ना, की सगळे जंतू मरत नाहीत. जे उरतात, त्यांना औषधाची सवय होते. मग खरी गरज पडली की तीच गोळी काम करत नाही. तुमच्यावरही नाही आणि गावावरही नाही."

"जंतूलेही सवय होते?" अन्सामायने जरा विचार केला. "मंग तेबी आपल्यासारखेच म्हना की!"

अभ्यासानंतर रिवाजाप्रमाणे जनजागृती झाली. मांडव, बॅनर, हारतुरे. प्रमुख पाहुण्यांनी नाक ओढत ओढत, मनाने गोळ्या खाऊ नका, यावर तासभर भाषण केलं. मंचावरून उतरल्यावर त्यांनी डॉक्टरबाईंना बाजूला घेतलं. "मॅडम, एखादी हेवी गोळी द्या ना. उद्या सुलतानपूरले हेच भाषण हाये." त्यांचं नाक पाहून अन्सामायचा हात डब्यासाठी शिवशिवत होता. मी शेजारी बसून तिचा हात धरून ठेवला होता.

पावसाळा सरता सरता ती स्वतः आजारी पडली. आधी लघवीला जळजळ, मग हुडहुडी भरून ताप. कुणाला सांगितलं नाही. मेहकरची खाल्ली, अकोल्याची खाल्ली, शेवटी तळातली संभाजीनगरचीही काढली. एकही लागू पडली नाही. सकाळी माझ्या बायकोने दार वाजवलं, तेव्हा ती आम्हाला ओळखेना.

मेहकरला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लघवीची तपासणी केली आणि सांगितलं, हिच्या जंतूंवर बहुतेक औषधं चालत नाहीत, एक इंजेक्शन तेवढं चालेल असं दिसतं. ते लागू पडेपर्यंत मी आणि पुण्याहून आलेला तिचा मुलगा व्हरांड्यात बसून होतो. डब्यावरून मी आयुष्यभर तिची थट्टा केली, पण त्या बाकावर मला एकही विनोद सुचला नाही. मी घाबरलो होतो.

माय वाचली. मुलगा रजा संपल्यावर पुण्याला गेला. घरी आल्यावर तिने स्वतःच डबा माझ्या हातात दिला.

"आरोग्य केंद्रात देऊन ये, दिनू. लोकाइच्या लेकराइले मी काय काय खाऊ घातलं रे बाप्पा!"

मी दारापर्यंत गेलो तर मागून हाक आली. "डबा वापस आणजो मात्र."

गल्ली सुधारली. लोक गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायला लागले, निदान तसं सांगायला तरी लागले. ताप आला की थेट आरोग्य केंद्रात जाऊ लागले. अन्सामायच्या ओट्यावर मात्र कुणी टेकेनासं झालं. "बरं हाये ना, माय?" असं रस्त्यावरूनच विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पुढे जायचं. त्यात मीही होतोच.

एका दुपारी झाकणाचा आवाज आला. शिंकलं तर कुणी नव्हतं. मी समोर गेलो. माय रिकामा डबा मांडीवर घेऊन फडक्याने पुसत होती.

"काऊन गं, माय?"

"धूळ बसून राह्यली." ती पुसत राहिली. मग म्हणाली, "मले कुठी डाक्टरकी येत होती, दिनू? पण लोक येऊन बसत. कुठी दुखते, कसं दुखते, सुनेचं, सासूचं, समदं सांगत. आता मले कोणी दुखते म्हनतच नाही."

मी ओट्यावर तिच्याशेजारी टेकलो.

"माय, माहं डोकं दुखून राह्यलं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मी शाळा बुडवायचो तेव्हापासून तिला माझं हे डोकं माहीत आहे. तरी तिने कपाळावर तळवा ठेवला आणि ताप बघायला लागतो त्याहून बराच वेळ तसाच राहू दिला.

"ताप त नाही," म्हणत ती आत गेली, डब्यात खडीसाखर घालून आणली आणि मूठभर माझ्या हातावर ठेवली.

"निम्मीच खाय. उरली त वापस आणजो."

मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं, म्हणजे गल्लीलाच सांगितल्यासारखं झालं. संध्याकाळी उरलेली खडीसाखर परत करायला गेलो, तर ओट्यावर त्या दोघी जावा आधीच येऊन बसल्या होत्या. एकीने डोकं धरलं होतं, दुसरीने पोट. आणि अन्सामाय दोघींना दटावत डब्याचं झाकण उघडत होती.