बाकावरची पाच माणसं

बाकाचं डावं टोक दादाचं.

शिवणयंत्रासमोरच्या स्टुलाला तीनच पाय आहेत, तरी ते डुगडुगत नाही.

शहरात स्केटबोर्डवाला एकच निघाला, आणि त्याचाही पाय प्लास्टरमध्ये.

शुक्रवार, दुपारी चारपर्यंत.

ही शेवटची ओळ कॉलेजच्या समाजशास्त्र विभागाच्या फळ्यावर होती. शेवटच्या वर्षातल्या प्रत्येकाने एक उपसंस्कृती निवडायची, म्हणजे स्वतःची बोली आणि स्वतःचे नियम असलेला माणसांचा गट, आणि त्यावर शोधनिबंध लिहायचा. विषयावर मॅडमची सही नसेल तर वर्ष वाया. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या थोरलीचं एक वर्ष असंच गेलेलं. "यंदा सुटतेय ती," असं आईने जिन्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

थोरलीचे तीन विषय बाद झाले. स्केटबोर्डचं वर आलंच. टॅटूच्या दुकानात सुई बघून ती स्वतःच आडवी झाली. कबुतरं पाळणारे चौघे सापडले, पण त्यांचा आपसात अबोला होता.

विषय बाद झाला की मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसायचं. तिथे "काय झालं?" असं कुणी विचारत नसे. "किती?" एवढंच विचारत. थोरली म्हणाली, "तीन." सगळे गंभीरपणे डावीकडे सरकले. नव्याने उजव्या टोकाला बसायचं, वही मांडीवर पालथी ठेवायची, पाण्याची बाटली डावीकडून येईल तेव्हाच प्यायची. ज्याला विषय मिळाला त्याने उठायचं, आणि पुन्हा बुटाची नाडी बांधायलासुद्धा तिथे टेकायचं नाही. सगळ्यात जुना, ज्याला सगळे दादा म्हणत, तो तर सात वर्षं तिथे होता. त्याची वही उघडलेली कुणी पाहिली नव्हती.

बुधवारी पाणी पिता पिता थोरलीला ठसका लागला. बोली, नियम, मान, पायरी! सगळं बुडाखालीच होतं.

गुरुवारी बाकाचा विषय ऐकून मॅडम खूश झाल्या. "मंजूर. फक्त तीन महिने त्यांच्यात बसायचं. लांबून बघितलेलं चालणार नाही."

ती बाहेर आली.

"ऊठ," दादा म्हणाला.

"अहो, मी अजून बसलेच नाहीये."

"तेच सांगतोय."

ती आत गेली. बसू देत नाहीत म्हटल्यावर मॅडमनी विषय खोडला. बाहेर येऊन तिने वही पालथी धरली.

"किती?"

"चार."

सगळे सरकले. आता बसू दिलं म्हणून ती धावत आत गेली. मॅडमनी विषय पुन्हा मंजूर केला. बाहेर आली, तर "ऊठ!"

शुक्रवारी दुपारपर्यंत हे आणखी पाच वेळा झालं. शिपायाने दाराला वीट लावून दार उघडंच ठेवलं. "तुमचं चालू द्या, ताई. माझा खांदा गेला."

तीन वाजता दादाने बाटली पुढे करताना मान न वळवता म्हटलं, "घरून बसायला काहीतरी आण. नियम बाकाचा आहे, बसण्याचा नाही."

थोरली घरी पळाली. "आई, ऊठ."

"अगं, बाही अर्धी राहिलीय!"

"वर्ष जाईल माझं."

आई उठली. थोरलीने स्टूल आणून बाकाला खेटून मांडलं. बाकावरच्यांनी नीट पाहिलं. हरकत सापडेना. बाटली स्टुलापर्यंत आली.

चारला सहा मिनिटं असताना ती आत गेली. मॅडमनी पेन उघडलं. "गटात किती जण?"

"पाच."

"पाच?" मॅडमनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. "विषय न मिळालेले, तुला सोडून, चारच आहेत माझ्याकडे. हा पाचवा कोण? नाव सांग, आत्ताच बोलावते."

थोरलीने उघड्या दारातून पाहिलं. दादा एका नवख्या मुलीला शिकवत होता, वही पालथी कशी धरायची ते. स्वतःची त्याने दोन्ही हातांनी दाबून धरली होती.

"मोजायला चुकले, मॅडम," ती म्हणाली. "चारच."

"पहिलंच निरीक्षण आणि तेही चुकीचं," असं म्हणत मॅडमनी सही केली.

त्या संध्याकाळी आईने उरलेली बाही उभ्याने शिवली.

दादाचा विषय सात वर्षांपूर्वी, पहिल्याच फेरीत मंजूर झाला होता.